नास्तिक माणसाला देव पटू शकतो का? माझं काहीतरी बदलून राहिलं

संत्राबाग
वीस वर्षं नास्तिक आहे मी. नुसता देवळात न जाणारा नाही, कॉलेजात असताना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत चमत्कार करून दाखवायचो, पोटॅशियम परमँगनेटवर 'तूप' म्हणून ग्लिसरीन ओतायचं आणि मंत्र पुटपुटत थांबायचं, होम आपोआप पेटते, जिभेवर जळता कापूर ठेवायचा, लोकं हात जोडायचे आणि मग आम्ही त्यांना त्यातलं केमिस्ट्री सांगायचो. ते सगळं आजही पटते. भोंदूबाबांबद्दल माझं मत तसूभर बदललं नाही हे आधीच लिहून ठेवतो.

मागच्या वर्षी बाबांची नजर काचबिंदूनं गेली. ते मूळचे काटोलकडचे, लहानपणापासून गावात गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणारे, आणि रोज संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचा एक अध्याय वाचायचा हा त्यांचा जुना नेम. आता वाचणार कोण, तर मी. 41 अध्याय आहेत, रोज एक धरला तर दीड महिन्याच्या आत पारायण होते, माझं सातवं सुरू आहे. पहिली दोन मी निव्वळ बाबांसाठी केली, त्यांचं पत्र त्यांना वाचून दाखवावं तशी.

मग एकदा बाबा ताईकडे वर्ध्याला गेले होते. साडेसहा वाजले आणि मी दिवा लावून बसलो, रिकाम्या खोलीत मोठ्यानं अध्याय वाचला. आणि वाचताना असं अजिबात वाटलं नाही की ऐकणारं कोणी नाही. एवढंच झालं, दृष्टांत वगैरे काही नाही.

मला आता वाटते की नास्तिकाला देव वादात जिंकून कधीच पटणार नाही, आला तर असा मागच्या दारानं येईल, रोजच्या करण्यातून. पास्कल नावाचा फ्रेंच गणिती होता, 1662 मध्ये वारला, त्यानं हेच सांगितलं होतं, विश्वास बसत नाही ना, मग विश्वास असलेले जे करतात ते करायला लाग, बाकीचं मागून येईल. कॉलेजात हे वाचून मी चिडलो होतो. आता ते खरं वाटून राहिलं. तुम्हाला काय वाटते?

फुटाळा_काठ
भाऊ, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही जे सांगून राहिले त्यात देव कुठं आहे? त्यात तुमचे बाबा आहेत. तीन महिने रोज एकाच वेळी एकाच माणसाला वाचून दाखवलं, तो माणूस एक दिवस नव्हता, मेंदूनं त्याची जागा भरून काढली. आमच्या घरी आई गेल्यावर वर्षभर मला दुपारी चार वाजता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज यायचा. मी त्याला आईच म्हणलं, देव नाही म्हणलं.

दुसरं असं की करता करता जे पटते ते काहीही असू शकते. तुमचे बाबा काटोलऐवजी नागपुरात ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याजवळ, मोठ्या ताजबागेला वाढले असते तर तुम्ही दर गुरुवारी दर्ग्यावर बसून असता आणि तिथं तुम्हाला असंच कोणीतरी ऐकून राहिलं असं वाटलं असतं. सवयीनं खोटी गोष्टही खरी वाटते, जाहिरातवाले त्यावरच जगतात. पास्कलचा उपाय हा स्वतःला गुंगी द्यायचा उपाय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

महालची_लेक
मी लहानपणापासून देव मानते, पण मला संत्राबागचं पण पटलं नाही आणि फुटाळावाल्यांचं तर नाहीच. दादा, तुम्ही ते व्यायामासारखं सांगून राहिले, रोज केलं की दंड येतील तसा देव येईल. असं असतं तर टेकडी गणपतीला दर मंगळवारी रांगेत असणारे सगळे संत झाले असते नं. माझे स्वतःचे सासरे रोज दोन तास पूजा करायचे आणि उठले की सासूबाईंना शिव्या द्यायचे, तीस वर्षं. करण्यानं काही होत नाही, त्याची कृपा झाली तर होते, आणि ती काहीच न करणाऱ्यावरही होते. ताजुद्दीन बाबांना तर लोकांनी वेडा म्हणून पागलखान्यात टाकलं होतं, त्यांच्याजवळ कोणता नेम होता? तरी रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथून आपल्या घरी शक्करदऱ्याला आणलं आणि 1925 मध्ये बाबा गेले तेव्हापासून आजपर्यंत सगळ्या धर्माचे लोक त्यांच्या दर्ग्यावर जातात. तुम्हाला जे वाटलं ते तुम्ही कमावलं नाही, तुम्हाला मिळालं. माझं एवढंच म्हणणं.

दहा_नंबर_पूल
सगळे एक गोष्ट गृहीत धरून बोलून राहिले, की देव न मानणारा माणूस अर्ध्या रस्त्यात आहे आणि पुढं कधीतरी पोचायचा आहे. काहून?

माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही ही आहे. आजोबांनी त्या दिवशी घरातले देव सोडले आणि त्यांना ते काही गमावल्यासारखं कधीच वाटलं नाही, उलट पाठ सरळ झाली असं सांगायचे. ज्या देवाच्या दारात तुमच्या आजाला उभं राहू देत नव्हते त्याच्याबद्दल 'मागच्या दारानं आला' वगैरे वाचलं की मला ते पुढचं दार आठवते. हे रागानं नाही लिहीत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि दादा, आमच्याकडे रोज संध्याकाळी त्रिसरण पंचशील होते. विजेचं लोडशेडिंग असायचं तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात आजी आणि मी दोघंच म्हणायचो. तुम्ही सांगता तसं मलाही वाटते, खोली भरलेली वाटते. आमच्यात ऐकणारा देव नाहीच आहे. म्हणजे ती जी भावना आहे ती देवाशिवायही येते, मग ती देवाचा पुरावा कशी?

संत्राबाग
दहा नंबर, तुमचा मुद्दा दोन दिवस डोक्यात होता म्हणून उशीर झाला. पुरावा म्हणून चालणार नाही हे मान्य. पुढच्या दाराचंही मान्य, माझ्या गावात कोणाला बाहेर ठेवलं होतं ते मी बाबांकडूनच ऐकलं आहे.

पण मला शब्दापेक्षा त्यामागचं जास्त महत्त्वाचं वाटून राहिलं. आपल्या जवळच सेवाग्रामला गोरा नावाचे आंध्रातले पक्के नास्तिक 1944 मध्ये गांधीजींना भेटले. गांधीजी तोपर्यंत 'ईश्वर सत्य आहे' वरून 'सत्य हाच ईश्वर' इथपर्यंत आले होते. गोरांच्या मुलीचं लग्न दलित मुलाशी आश्रमात लावायचं ठरलं, तेव्हा नास्तिकाच्या घरचं लग्न म्हणून शपथेत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायला गांधीजी तयार झाले. लग्न झालं 1948 मध्ये, गांधीजी गेल्यावर, पण तसंच झालं. मला या दोघांपैकी कोणी हरलं असं वाटत नाही. ग्रामगीतेतला पहिलाच अध्याय देवदर्शन नावाचा आहे आणि त्यातला देव आभाळात नाही, गावात आणि लोकांत आहे. असा देव मी वीस वर्षं नाकारलाच नव्हता, मी नाकारला तो नवसाचा.

फुटाळा_काठ
मग त्याला माणुसकी म्हणा नं. देव म्हणलं की उद्या कोणीतरी त्याची पावती फाडते. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना एका महाराजानं मुलाच्या फिटसाठी औषध बंद करायला लावलं होतं, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आल्यानंतरची गोष्ट आहे ही, तरी तक्रार द्यायला घरचेच तयार नव्हते. मुलगा वाचला, पण कसा ते मी पाह्यलं आहे. म्हणून मी या शब्दाला घाबरतो. एक सरळ विचारतो, राग मानू नका. बाबांची नजर परत यावी म्हणून तुम्ही त्या ऐकणाऱ्याला कधी म्हणले का?

संत्राबाग
नाही. एकदाही नाही. मागावंसंच वाटलं नाही, आणि डोळ्यात टाकायचे थेंब एक दिवसही चुकवले नाहीत. मागितलं असतं आणि काही झालं नसतं तर बहुतेक हे सगळं त्याच दिवशी संपलं असतं, हेही खरं. मी त्याला माणुसकी म्हणत नाही कारण माणुसकी मला बाबांच्या समोर वाटते. त्या दिवशी समोर कोणी नव्हतं.

महालची_लेक
हेच मी म्हणून राहिली होती.

दहा_नंबर_पूल
मला अजूनही पटलं नाही, पण न मागता वाचता हे आवडलं. बरं दुसरं महत्त्वाचं. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. काचबिंदू सख्ख्या नात्यात असला की मुलांना धोका जास्त असतो आणि सुरुवातीला काही दुखत नाही, कळत नाही, बाजूची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. तुमचं वय चाळिशीच्या आसपास दिसते. डोळ्यांचं प्रेशर कधी तपासलं? पडद्यामागची नस पण पाहायला सांगा डॉक्टरांना, नुसता चष्म्याचा नंबर नको.

संत्राबाग
नाही तपासलं. ताईनंपण नाही. दोघंही या आठवड्यात जातो.