बिल्डिंग अ-ब-क (फक्त कामाचे मेसेज)

रविवार

कुलकर्णी वहिनी, ब-१०१ (सकाळी ६:५२)
सर्वांना नमस्कार. काल रात्री १०:४० ला खालच्या हॉलमधून कुणीतरी जिवाच्या आकांतानं किंचाळलं. सासूबाई दचकून उठून बसल्या. गोळी दिली, तरी पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. हॉल कशासाठी दिला होता आणि किती वाजेपर्यंत, एवढंच विचारायचं आहे. कुणावर रोख नाही.

शोभा मावशी, अ-३०४ (६:५५)
🌺 शुभ रविवार 🌺

सुभेदार मोरे, अ-१०२ (६:५८)
मीपण ऐकलो. काठी, टॉर्च घेऊन खाली गेलो. आत वीसेक माणसं अंधारात भिंतीकडं तोंड करून बसलेली. भिंतीवर एक केसाळ माणूस माईकमध्ये बोंबलायलाय. परत आलो.
नियम: रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबल.

नाईक, अ-२०४ (७:०३)
हॉलची किल्ली कुणाकडे आहे? आज संध्याकाळी ५ ला बारसं आहे आमच्याकडे. सगळ्यांनी यायचं आहेच.

अजित देसूरकर, क-३०२ (७:२०)
वहिनी, आधी मनापासून क्षमा. पिक्चरचा कार्यक्रम ८ लाच सुरू केला होता. ८:२० ला लाईट गेली ती साडेनऊला आली. जुलैत बेळगावात पाऊस आणि लाईट यांचं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. नाहीतर साडेनऊला सगळे आपापल्या घरात असते.
किंकाळी कुणावर संकट आलं म्हणून नव्हती. ते रॉजर वॉटर्स, पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या रॉक बँडमधले. त्या गाण्यात ती किंकाळी आहेच. आधी कितीतरी वेळ नुसती कुजबुज आणि मग एकदम ती. आवाज कमी करायला रिमोट शोधेपर्यंत होऊन गेली.

कुलकर्णी वहिनी, ब-१०१ (७:२४)
गाण्यात किंकाळी असते हे माझ्या ज्ञानात भर पडली. धन्यवाद.

शोभा मावशी, अ-३०४ (७:२५)
आमच्याकडं सून आलेल्या दिवशी असंच गाणं होतं 😄

हिरेमठ सर (सेक्रेटरी), ब-२०३ (७:४०)
नमस्कार री सर्वांना. हॉलसाठी देसूरकरांचा अर्ज आहे, ५०० रुपये डिपॉझिट आहे. अर्जात "जुना माहितीपट" असं लिहिलंय. मला वाटलं गड-किल्ले असतील.

रोहन, क-३०२ (७:४४)
सर, माहितीपटच की तो. पिंक फ्लॉइड, इटलीतलं पॉम्पेई, ऑक्टोबर १९७१ चं शूटिंग. रिकाम्या रोमन अँफिथिएटरमध्ये चौघं वाजवतात. समोर प्रेक्षक एक नाही. यंदा, २०२५ ला, मूळ ३५ एमएम निगेटिव्हवरून एकेक फ्रेम साफ करून ४के मध्ये काढलाय. २४ एप्रिलला थिएटरात, २ मे ला डिस्क. बेळगावात आयमॅक्स कुठलं? म्हणून डिस्क बेंगळुरूहून आणली पप्पांसाठी.

नाईक, अ-२०४ (७:४५)
किल्ली?

शोभा मावशी, अ-३०४ (७:४७)
प्रेक्षक एक नाही म्हणजे आपल्या गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं 😄😄

कुलकर्णी वहिनी, ब-१०१ (७:४९)
वक्तृत्व स्पर्धा मी घेते, मावशी. गेल्या वर्षी ११ मुलं होती.

शोभा मावशी, अ-३०४ (७:५०)
मुलं होती गं. ऐकायला कोण होतं ते म्हणालो मी.

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (८:१५)
गुड मॉर्निंग. अजित, तू काल विचारलास कसं वाटलं. सगळ्यांसमोर काय बोलायचं म्हणून गप्प बसलो. आता सांगतो. फार धुऊन काढलंय. मी हा पिक्चर पहिल्यांदा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, कॅम्पातल्या एका मित्राच्या घरी. धूळ होती, आवाज फुटायचा, पण वाटायचं की खरंच त्या दगडांत बसून ऐकायलोय. आता स्टीव्हन विल्सन नावाच्या संगीतकारानं आवाज नव्यानं मिक्स केलाय तो कसा, हॉस्पिटलच्या फरशीसारखं. प्रत्येक झांज वेगळी ऐकू येते. मला वेगळी नको आहे.

अजित देसूरकर, क-३०२ (८:१९)
अंकल, तुम्ही काल 'एकोज' सुरू झालं तेव्हा डोळे पुसत होता. मी बघितलो.

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (८:२०)
पावसानं सर्दी झालीय.

रोहन, क-३०२ (८:२३)
अंकल, विल्सननं काही नवीन घातलं नाही हो. २००३ ला दिग्दर्शकानं स्वतः नवी आवृत्ती काढली, त्यात मध्येमध्ये कॉम्प्युटरवर केलेलं अंतराळ घुसवलं. तेव्हा लोक वैतागले. यावेळी तसलं काही नाही. आणि पॉम्पेईचं ऑडिओ आधी २०१६ च्या मोठ्या बॉक्स सेटमध्ये आलं होतं, सुटा अल्बम आत्ता पहिल्यांदा आलाय. तक्रार कशाची?

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (८:२६)
तक्रार कुठं करायलोय? फार स्वच्छ आहे एवढंच म्हणालो.

सुभेदार मोरे, अ-१०२ (८:२७)
रात्री १० नंतर ४५ डेसिबल. दिवसा ५५.

गौरी, क-१०४ (८:३५)
एक विचारायचं होतं. मध्ये कुत्रं रडल्याचा आवाज आला तो कशाचा? पार्किंगमधली राणी आणि तिची दोन्ही पिल्लं तेव्हापासून बेचैन आहेत. रात्री खाल्लं पण नाही.

अजित देसूरकर, क-३०२ (८:३८)
गौरी, ते पिक्चरमधलंच कुत्रं आहे, रशियन वुल्फहाउंड. गिल्मर माउथ ऑर्गन वाजवतो, वॉटर्स गिटारवर, रिक राइट कुत्र्यासमोर माईक धरून बसलाय आणि ते कुत्रं सुरात विव्हळतं. आणि काल राणीनं बाहेरून साथ दिली. अगदी समेवर. अख्खा हॉल हसला.

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (८:४०)
तो तुकडा पॉम्पेईचा नव्हेच. नंतर पॅरिसच्या स्टुडिओत घेतलाय. लोकांना वाटतं सगळं तिथंच झालं.

सुभेदार मोरे, अ-१०२ (८:४१)
कुत्र्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. माझा तिसरा बूट गेलाय. तिसरा. दर वेळी डावाच. खायला घालणाऱ्यांनी बुटाचीपण सोय करावी.

गौरी, क-१०४ (८:४३)
काका, बूट दाराबाहेर ठेवू नका म्हणून मार्चपासून सांगायलोय. मुकी जनावरं आहेत.

सुभेदार मोरे, अ-१०२ (८:४४)
रात्री मुकी नव्हती.

नाईक, अ-२०४ (८:४६)
हॉलची किल्ली कुणाकडे आहे? केळीचे खांब आलेत, टेम्पोवाला खाली उभा आहे.

हिरेमठ सर (सेक्रेटरी), ब-२०३ (८:५२)
माझ्याकडे नाही री. रात्री देसूरकरांनी कुलूप लावलं. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडरी, खांब जिन्यात ठेवा तोपर्यंत.

अजित देसूरकर, क-३०२ (८:५५)
कुलूप मी लावलो, बरोबर. किल्ली शर्टच्या खिशात होती. शर्ट मशीनमध्ये गेलाय. बघतो.

पाटील, अ-४०१ (९:०२)
मी काही बोलणार नव्हतो. पण हॉल मागितला की आम्हाला "मिटिंग आहे", "रंग ओला आहे". काही जणांना मात्र रात्री अकरापर्यंत. लाईटबिल कोण भरणार ते पण सांगावं.

अजित देसूरकर, क-३०२ (९:०५)
पाटील साहेब, लाईटबिलाचे २०० वेगळे दिलेत, पावती आहे. आणि लाईट तर तासभर नव्हतीच.
गंमत म्हणून सांगतो, त्यांचीपण तीच रड होती. इंग्लंडहून सगळं सामान ट्रकमधून आणलं आणि अँफिथिएटरात पुरेशी वीज नाही. दिवस वाया गेले. शेवटी गावच्या टाऊन हॉलपासून केबल ओढत आणली तेव्हा अँप्लिफायर चालले. मग राहिलेल्या दिवसांत जेवढं जमलं तेवढं शूट केलं, बाकीचं पॅरिसला.

शोभा मावशी, अ-३०४ (९:०७)
म्हणजे आकडा टाकला म्हण की.

पाटील, अ-४०१ (९:०८)
विषय पिंक फ्लॉइडचा नाही, समानतेचा आहे.

पाटील, अ-४०१ (९:०८)
_हा मेसेज डिलीट केला गेला_

शोभा मावशी, अ-३०४ (९:०९)
मी वाचलो 😄

रोहन, क-३०२ (९:२०)
फर्नांडिस अंकल, एक सांगा. 'वन ऑफ दीज डेज' मध्ये कॅमेरा सारखा ड्रमर निक मेसनवरच का? बाकी तिघं दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (९:२६)
कारण बाकीच्यांची रिळं हरवली. जे उरलं ते ड्रमचं उरलं. पण बघ, त्यातच त्याच्या हातातली काठी निसटते आणि एक ठोका न चुकवता दुसरी उचलतो. रिळं सगळी सापडली असती तर तेवढं बघायला मिळालं असतं का? कॅसेटवर ते अंधुक दिसायचं. आम्ही मागं नेऊन नेऊन फीत झिजवली.

रोहन, क-३०२ (९:२७)
काल स्पष्ट दिसलं ना मग?

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (९:३१)
दिसलं.

अजित देसूरकर, क-३०२ (९:३३)
😀

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (९:३४)
हसू नको. विल्सनचं काम चांगलं नाही असं मी कधी म्हणालो? पण धंदा तो धंदाच. २०२४ मध्ये सगळं रेकॉर्डिंग सोनीला विकलं, सुमारे ४० कोटी डॉलरला म्हणतात. वॉटर्स आणि गिल्मर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. राइट २००८ मध्ये गेला. आता काय, तिजोरी उघडायची, पुसायचं, विकायचं.

हिरेमठ सर (सेक्रेटरी), ब-२०३ (९:३६)
४० कोटी डॉलर! आपली थकबाकी ६८,४०० रुपये आहे री. यादी परत टाकू का?

पाटील, अ-४०१ (९:३७)
यादीत नावं टाकू नयेत असं ठरलं होतं.

अजित देसूरकर, क-३०२ (९:४१)
अंकल, भांडण म्हणाल तर २ जुलै २००५ ला लंडनमध्ये चौघं एकत्र वाजवले की. १९८१ नंतर पहिल्यांदा. तुम्हीच मला रात्री उठवून टीव्ही लावायला सांगितला होता. तेव्हा आपण भाड्याच्या घरात शहापूरला होतो.

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (९:४२)
आणि त्यानंतर २० वर्षं? बिल्डिंगमध्ये एका मोटारीवरून दोन भाऊ बोलत नाहीत, मग ते तर फ्लॉइड.

पाटील, अ-४०१ (९:४३)
हे कुणाला उद्देशून आहे?

पाटील (धाकटे), अ-४०२ (९:४४)
हो, मलापण कळू दे.

हिरेमठ सर (सेक्रेटरी), ब-२०३ (९:४६)
घरचे विषय घरी री, प्लीज. ग्रुपचा नियम: राजकारण नको, सीमाप्रश्न नको, पाण्याच्या मोटारीचा विषय नको.

सुभेदार मोरे, अ-१०२ (९:४७)
आवाजाचा विषय राहिला. १० नंतर ४५ डेसिबल.

कुलकर्णी वहिनी, ब-१०१ (९:५५)
सुभेदार काका बरोबर बोलतात. मी संगीताच्या विरुद्ध नाही. आमच्या सासूबाईंचं माहेर सुळेभावीचं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव. त्या घरात लहानपणापासून कानावर गाणं. त्यामुळे गाणं कशाला म्हणतात हे कुणी आम्हाला शिकवू नये.

रोहन, क-३०२ (९:५७)
काकू, कुणीच शिकवत नाही हो. पण कुमारांना त्या काळात लोकांनी काय कमी नावं ठेवली?

कुलकर्णी वहिनी, ब-१०१ (९:५८)
तुलना नको.

अजित देसूरकर, क-३०२ (९:५९)
रोहन, गप.

रोहन, क-३०२ (१०:०४)
सॉरी काकू. एक नुसती माहिती. त्याच अँफिथिएटरात इ.स. ५९ मध्ये खेळ चालू असताना पॉम्पेईवाले आणि शेजारच्या नुकेरियावाले यांच्यात हाणामारी झाली. आधी टोमणे, मग दगड, मग शस्त्रं. रोमनं तिथल्या खेळांवर १० वर्षं बंदी घातली. पुढं ७९ ला ज्वालामुखीच आला.

शोभा मावशी, अ-३०४ (१०:०६)
शेजारच्या गावाशी भांडण? म्हणजे ते पण सीमाभागातलेच की.

हिरेमठ सर (सेक्रेटरी), ब-२०३ (१०:०७)
मावशी, नियम 🙏

पाटील, अ-४०१ (१०:०८)
१० वर्षं बंदीची कल्पना चांगली आहे.

नाईक, अ-२०४ (१०:१०)
आजचं बारसं झाल्यावर घाला बंदी. हॉलची किल्ली कुणाकडे आहे? चौथ्यांदा विचारतोय. पाळणा सजवायचा आहे. माझी आई जिन्यात केळीच्या खांबाजवळ खुर्ची टाकून बसली आहे.

अजित देसूरकर, क-३०२ (१०:१४)
नाईक, माफ करा. मशीन उघडलं, शर्टमध्ये नाही. गाडीत नाही. बायको आता माझ्याकडं बघायला पण तयार नाही. रात्री शेवटी प्रोजेक्टरजवळ होती एवढं आठवतंय.

रोहन, क-३०२ (१०:१६)
पप्पा, या पिक्चरचीच सुरुवात हरवण्यातून आहे. दिग्दर्शक एड्रियन मेबन सुट्टीवर पॉम्पेईला गेला, पासपोर्ट हरवला, तो शोधायला संध्याकाळी परत अँफिथिएटरात गेला. सामसूम, नुसते किडे आणि त्यांचा घुमणारा आवाज. तिथंच सुचलं त्याला.

नाईक, अ-२०४ (१०:१७)
मला काही सुचवून घ्यायचं नाही. किल्ली पाहिजे.

सुभेदार मोरे, अ-१०२ (१०:१८)
कुलूप तोडायचं असेल तर माझ्याकडं पहार आहे.

हिरेमठ सर (सेक्रेटरी), ब-२०३ (१०:१९)
कुलूप नवीन आहे री, ८५० चं. कुणी तोडू नका.

अजित देसूरकर, क-३०२ (१०:२३)
सामान आवरताना टेबलावरचं सगळं एका पिशवीत भरलं होतं. रिमोट, वायर, डिस्क. पिशवी घरात आहे. रिमोट आहे. डिस्कचा डबा मात्र नाही. रोहन, तू घेतलास?

रोहन, क-३०२ (१०:२४)
नाही.

गौरी, क-१०४ (१०:२५)
राणीनं नेला असेल म्हणून कुणी म्हणू नका आता.

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (१०:४८)
आत्ता चर्चमधून आलो. फोन बंद होता. डिस्कचा डबा माझ्याकडे आहे. रात्री निघताना घेतला, अजितला सांगायचं राहिलं. डब्याच्या आत, पुस्तिकेच्या मागं, एक किल्ली आहे पितळेची.

अजित देसूरकर, क-३०२ (१०:४९)
अंकल!! फार धुऊन काढलंय म्हणालात ना?

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (१०:५१)
खात्री करून घ्यायला नेली. हेडफोन लावून बघितलो, सुभेदार, शून्य डेसिबल. कॅन्टीनमध्ये मेसन ॲपल पाय मागतो आणि पारी नको म्हणतो, ते आहे का एवढंच बघायचं होतं. आहे. मग पुढचं पण बघितलो. दोनदा.

रोहन, क-३०२ (१०:५२)
आणि?

फर्नांडिस अंकल, ब-३०१ (१०:५३)
आणि काय. किल्ली द्यायला खाली येतोय.

कुलकर्णी वहिनी, ब-१०१ (११:०५)
एक निरोप आहे. सासूबाई विचारतात की किंकाळीच्या नंतर मोठी घंटा वाजत होती ती कुठल्या देवळाची.

अजित देसूरकर, क-३०२ (११:०७)
वहिनी, देऊळ नाही. ती मोठी काशाची थाळी, गाँग. वॉटर्सच वाजवतो, मागं ऊन आणि तो काळा. आजींना बघायचं असेल तर दुपारी आणतो घरी. हळू आवाजात. किंकाळी पुढं ढकलतो.

कुलकर्णी वहिनी, ब-१०१ (११:०९)
४ नंतर. त्या झोपतात दुपारी, रात्रीचं राहिलेलं आहे.

नाईक, अ-२०४ (११:२०)
किल्ली मिळाली. आभारी आहे. आत भिंतीवर अजून पडदा आहे, प्रोजेक्टर पण तिथंच आहे. राहू दे का? पाहुण्यांना छोट्याचे फोटो दाखवता येतील, आणि पोरांना थोडी गाणी.

सुभेदार मोरे, अ-१०२ (११:२१)
किती वाजेपर्यंत?