दारूबंदी उठली ते बरं झालं म्हणणाऱ्यांना

धानपट्टी: काल एका भाऊनं इथं लिहिलं, चंद्रपूरची बंदी 2015 ले लागली, 2021 ले उठली, बरंच झालं, बंदीनं कोणी सुधरत नाही. वाचून डोकंच तापलं. 2010 मध्ये बाया दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरले पायी गेल्या, त्या काय हौसेनं गेल्या का? बंदीत चोरून मिळत होती, मान्य. पण बाजाराच्या दिवशी चौकात पडलेले दिसत नव्हते अन् पोरी सांजेले दळण घेऊन बिनघोर जात होत्या.

वर्धेकर: आमच्या वर्ध्यात 1970च्या दशकापासून बंदी आहे जी. फोन केला का पव्वा घरपोच, तोही चढ्या भावानं. जास्तीचा पैसा बाईच्याच डब्यातला जाते ना?

आशाताई: तुम्ही दारूवरच भांडत बसा. खर्ऱ्यावर कोणीच काहून बोलत नाही? गुटखाबंदी 2012 ची, तरी ठेल्यावर दिवसभर पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घासून खर्रा बनवणं चालूच. खर्ऱ्यानं माझ्या दिराचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, वरण पातळ करून चमच्यानं टाकतो, तिखट लागलं का डोळ्यात पाणी येते त्याच्या. वय पस्तीस!

धानपट्टी: ताई, विषय दारूचा आहे.

आशाताई: तोंडाचा कॅन्सर विषय पाहून येते का?

ठेलेवाला: माझं घर ठेल्यावर चालते. तंबाखूचा माल गाड्या भरभरून येते तो कोणी अडवत नाही, अन् धाड माझ्यावर.

आशाताई: दादा, तुमच्या पोटावर पाय नाही द्यायचा मले. पण अठराच्या आतल्या पोराले विकणं गुन्हा आहे, तेवढं तर पाळा.

ठेलेवाला: बापच पोराले पाठवते, "माह्यासाठी आण" म्हणून. त्याले काय सांगू?

आशाताई: बापाले ये म्हणा!

वर्धेकर: रोजच्या पिणाऱ्याची एकदम तोडली तर हात थरथरतात, झटके येतात, जीवही जाते. त्याले औषध लागते, पोलीस नाही. गडचिरोलीत 1993 पासून बंदी, पण 2016 पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेनं गावोगावी समित्या अन् उपचारही उभे केले. चंद्रपुरात सहा वर्षं नुसत्या धाडीच.

धानपट्टी: उपचाराचं घ्या, पटलं. बाकी एक शब्द पटला नाही. दारातच बार उघडल्यावर उपचाराले येईन कोण?

आशाताई: येतात. बायको हात धरून आणते, मी स्वतः पाहते. अन् दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टरच नसते, मंग तो तिथूनच ठेल्यावर जाते.

ठेलेवाला: पुन्हा ठेलाच!