टोनी बेन आणि लॉर्डपदाचा पेच
असं म्हटलं जातं की वडील वारल्यावर ब्रिटनचे मजूर पक्षाचे खासदार टोनी बेन यांनी वारशाने आलेलं लॉर्डपद नाकारलं. पण नाकारायची सोयच तेव्हा कायद्यात नव्हती! नोव्हेंबर १९६० मध्ये वडील व्हायकाउंट (एक सरदारी पदवी) स्टॅन्सगेट गेले, पदवी बेन यांच्याकडे आली आणि लॉर्डला तेव्हा कनिष्ठ सभागृहात बसता येत नसल्याने त्यांची खासदारकीच गेली. मे १९६१ ची ब्रिस्टल आग्नेयची पोटनिवडणूक त्यांनी मोठ्या फरकाने जिंकली, तरी निवडणूक न्यायालयाने जागा हरलेल्या हुजूर पक्षाच्या उमेदवाराला दिली. मतदारांवर हा उघड अन्याय होता. ३१ जुलै १९६३ ला अशी पदवी सोडू देणारा कायदा झाला; बेन यांनी त्याच संध्याकाळी पदवी सोडली आणि ऑगस्टमध्ये ते पुन्हा निवडून आले. नव्या वारसाला यासाठी बारा महिने मिळतात; १९९९ पर्यंत तो खासदार असेल तर एकच मिळायचा. सोडलेली पदवी परत घेता येत नाही. ती नष्टही होत नाही: २०१४ मध्ये बेन वारल्यावर ती थोरल्या मुलाकडे गेली.