नवशिक्या साडूच्या शिडाच्या बोटीत पोरं न्यावीत का?

तापीकाठचा:
आमच्या साडूंनी मुंबईत चौघांच्या भागीदारीत ३० फुटी शिडाची बोट घेतली. दिवाळीत सगळ्यांनी जळगावहून या, मांडव्यापर्यंत फिरवतो म्हणताहेत. स्वतः नवशिके. माझं मत: बोट थांबवून परत आणणारं दुसरं माणूस घरात तयार होत नाही, तोवर पोरं चढवू नयेत. साडूच पाण्यात पडले तर? "सगळ्यांना पोहता येतं" म्हणे. तापीत पट्टीचे पोहणारेही बुडतात, भाऊ.

भुसावळवाली:
समुद्र न बघताच घाबरले तुम्ही. अशा बोटीच्या तळाला शिशाची नाहीतर बिडाची जड कील, म्हणजे पाण्याखालचं उभं पातं असतं, वाऱ्यानं बोट आडवी झाली तरी सरळ होते. हतनूरच्या पाण्यात लोक लेकरांना जॅकेटशिवाय होडीत बसवून फोटो काढतात, तेव्हा कोण बोलतं?

धुळेकर नाना:
ताई, कील बोटीला वाचवते, वरच्या माणसाला नाही. वारा मागून असताना सुकाणू जरा चुकलं की शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, सपकन या बाजूचा त्या बाजूला जातो, तोही उभं राहिलेल्यांच्या डोक्याच्या उंचीवर. नवशिक्यानं अशा वाऱ्यात मोठं शीड उतरवून नुसत्या पुढच्या शिडावर जावं. वारा वाढल्यासारखा वाटला की तेव्हाच शीड आखडायचं. "अजून जरा बघू" म्हणणारे फसतात. लहानग्यांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं.

नंदुरबारी:
धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यातली माणसं बाजाराला बोटीनंच जातात. त्यांना कोणी कोर्स विचारला?

धुळेकर नाना:
त्यांचा नावाडी रोजचा आहे. साडूंचं तसं आहे का?

भुसावळवाली:
बरं, बूमचं पटलं. पण दुसऱ्या माणसाला असं काय मोठं शिकायचंय? शीड पाडणं, इंजिन चालू करणं (त्याआधी पाण्यात लोंबणारे दोर वर ओढणं, नाहीतर इंजिनाच्या पंख्यात गुंततात), व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, १६ नंबर चॅनलला मदत मागणं. मोबाइलला रेंज असली तर तटरक्षक दलाचा १५५४. एका सकाळचं काम. तेवढ्यासाठी पोरांची दिवाळी कशाला बुडवता?

तापीकाठचा:
एका सकाळचं काम आहे ना, मग ते आधी होऊ द्या! साडूंना फोन करून विचारलं, तुम्ही पडलात तर इंजिन कोण चालू करणार? म्हणाले, "मी कशाला पडतोय!" माझी बायको शिकायला तयार आहे, ती आधी जाईल. पोरं पहिल्या फेरीला धक्क्यावरच थांबतील.

भुसावळवाली:
पोरांना हे तुम्हीच सांगा बरं.