मदत हवी आहे : व्यवस्थापकांची कामावरची बांधिलकी कशावर टिकते?

नमस्कार. माझ्याकडे सहा व्यवस्थापकांच्या कामाची जबाबदारी आहे आणि त्यांपैकी दोघांचा उत्साह ओसरलेला मला स्पष्ट दिसतो. त्यांतले एक जण पूर्वी आढावा बैठकीला वहीभर टिपणे घेऊन येत, माझ्या निर्णयाला हरकत घेत, पर्याय सुचवत. आता समोरचा कागद वाचून "ठीक आहे, करून टाकतो" एवढेच म्हणतात. काम वेळेवर होते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही, पण ही शांतता मला अस्वस्थ करते.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये बांधिलकीची तीन अंगे मांडली : संस्थेविषयीच्या आपुलकीने राहणे, सोडल्यास होणाऱ्या नुकसानाचा हिशेब करून राहणे आणि राहणे हे कर्तव्य मानून राहणे. माझे हे दोन व्यवस्थापक दुसऱ्या अंगाकडे सरकले असावेत, अशी मला शंका आहे. पगारवाढ गेल्या वर्षीच झाली; तिने कुरबुर थांबली, उमेद परतली नाही. मधल्या काळात खर्च आणि नेमणुका मंजूर करण्याचे त्यांचे अधिकार वरिष्ठांनी काढून घेतले, उद्दिष्टे मात्र तीच ठेवली, आणि माझ्या मते दुखणे तिथेच आहे.

ते अधिकार परत देणे माझ्या हातात नाही. अशा वेळी निर्णयात त्यांना खरा वाटा कसा द्यावा, की तो केवळ देखावा ठरू नये? हा विषय त्यांच्याशी थेट काढावा, की आधी वरिष्ठांशी बोलावे? ज्यांनी अशी परिस्थिती हाताळली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.