'फिल्म न्वार'ला मराठीत काय म्हणायचं?

दिग्दर्शक बिली वायल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) परत बघितला, त्यावर चार ओळी खरडायला बसले तर पहिल्याच वाक्यात अडले. फिल्म न्वारला, म्हणजे या जातीच्या काळोख्या अमेरिकन गुन्हेगारी सिनेमांना, काय लिहू, रहस्यपट चालेल?

— रहस्य कुठंय त्यात? तो विमा एजंट नेफ सुरुवातीलाच रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर (आवाज रेकॉर्ड करायच्या यंत्रावर) सगळं ओकून टाकतो, खून मीच केला, पैशासाठी आणि बाईसाठी केला, आणि दोन्ही हातचं गेलं. कोणी केलं हा प्रश्नच संपला, आता फक्त हा गडी डोळ्यादेखत कसा गाळात जातो ते बघत बसायचं.

— न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. युद्धात अमेरिकन पिक्चर फ्रान्सला पोचत नव्हते, नंतर एकदम आले आणि १९४६ मध्ये नीनो फ्रँक नावाच्या समीक्षकाने त्यांना हे नाव दिलं. पण 'कृष्णपट' नका करू बुवा, लोक हात जोडून बसतील :)

— मग गुन्हेपट?

— फारच ढोबळ होतंय, पोलीस चोरामागे धावले तरी तो गुन्हेपटच की. इथली गंमत वेगळीय. तिच्या नवऱ्याचं प्रेत रुळांवर टाकून नेफ आणि ती बाई, फिलिस, गाडीत बसतात आणि गाडी स्टार्टच होत नाही, ती परत परत किल्ली फिरवतेय, आणि आपण चांगली शहाणीसुरती माणसं मनात म्हणतोय हो बाई हो एकदाची चालू. खुन्याच्या बाजूने आपला जीव टांगणीला लागतो, हे गुन्हेपट शब्दात कुठे येतं?

— बरं, आणि फाम फाताल, म्हणजे पुरुषाला नादी लावून बुडवणारी ही बाई? विषकन्या फिट्ट बसतो.

— अर्धाच. विषकन्येला दुसराच कोणीतरी पाठवतो, फिलिसला कोणी पाठवलेलं नाहीये, नवऱ्याचा अपघाती मृत्यू दाखवून दुप्पट भरपाई उकळायचा हिशोब तिचा स्वतःचा. खून होताना कॅमेरा नवऱ्याकडे जातच नाही, स्टिअरिंगवरच्या तिच्या चेहऱ्यावर थांबतो. फिलिस झालेली बार्बरा स्टॅनविक त्या शॉटमध्ये काही म्हणजे काही करत नाही आणि अंगावर काटा येतो. विषकन्या वगैरे म्हटलं की उगाच राजवाडा आठवतो.

— 'कैदाशीण' कसा वाटतो?

— आजी म्हणायची तो? भारी आहे, पण तो आरडाओरडा करणाऱ्या बाईला. ही आवाजही चढवत नाही.

— मग फाम फातालच ठेवते. आणि न्वार लिहू की नुआर?

— न्वार. नॉयर सोडून काहीही लिही खरं तर.