कर्ब स्टोनवरून निघालेला विषय

कुलकर्णी काका (बी विंग): नोटीस वाचली. गेटपासून बागेपर्यंत कर्ब स्टोन बसणार, छान झालं. पण 'कर्ब' म्हणजे नक्की काय हो? गाडीच्या माहितीपत्रकातही 'कर्ब वेट' लिहिलेलं असतं.

नेहा: काका, फूटपाथची रस्त्याकडची दगडी कड. आणि कर्ब वेट म्हणजे त्या कडेला उभ्या असलेल्या गाडीचं वजन. इंधन, ऑइल धरून, पण माणसं-सामान सोडून.

सुनीताताई: मूळ लॅटिन 'कर्व्हस', म्हणजे वाकडा, वळलेला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत १५व्या शतकात आला तो घोड्याबरोबर. हनुवटीखालून जाणारा लगामाचा पट्टा म्हणजे कर्ब. म्हणून इंग्रजी पेपरात महागाई 'कर्ब' करतात, आपण तिला लगाम घालतो. मग विहिरीच्या तोंडाभोवतीचा गोल कठडाही कर्ब झाला आणि त्यावरून रस्त्याची कड. ही कड बहुतेक ठिकाणी सरळच असते, तरी नाव वाकड्याचं! मला हा शब्द फार आवडतो. ब्रिटनमध्ये रस्त्याच्या कडेचं स्पेलिंग 'के'ने, लगामाचं 'सी'ने. अमेरिकेत दोन्ही 'सी'नेच.

परांजपे काका: दलाल स्ट्रीटवर आम्ही रोज ऐकायचो. बाजार बंद झाल्यावर बाहेर होणारे सौदे म्हणजे 'कर्ब'चे सौदे. न्यूयॉर्कला तर ब्रॉड स्ट्रीटवर दलाल खरोखर रस्त्यात उभे राहून व्यवहार करायचे आणि वर खिडक्यांत बसलेल्या कारकुनांना हातांनी खुणा करायचे. १९२१मध्ये ते इमारतीत गेले, पण बाजाराच्या नावातला 'कर्ब' कायम राहिला. १९५३मध्ये त्याचं अमेरिकन स्टॉक एक्स्चेंज झालं.

वैशाली: याच विषयातलं एक महत्त्वाचं. अमेरिकेत कॅलामझू गावात १९४५मध्ये, युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी ही कड कापून उतार केले होते. त्याला 'कर्ब कट' म्हणतात. आपली कड सलग बसली तर सासूबाईंची व्हीलचेअर बागेत जाणार नाही. बाबागाड्यांचंही तेच होईल. उतार ठेवाच, कळकळीची विनंती.

सेक्रेटरी: वैशालीताई, बरोबर आहे. कड ६ इंच उंच आहे.

वैशाली: मग १ला १२ या प्रमाणात उतार ६ फूट लांब लागेल. बागेच्या फाटकासमोर जागा आहे.

सुनीताताई: लिफ्टजवळही एक हवा. तिथून निघालं तरच बागेपर्यंत पोचता येईल.

सेक्रेटरी: दोन्हीकडे करू. कंत्राटदार उद्या सकाळी ९ला येतोय, टेप घेऊन खाली या.